परीक्षा बोलण्याची, नोकरी कामाची

वर्धा शहराला लागून असलेल्या नालवाडीत विनोबा भावे १९३२ च्या अखेरीस राहायला गेले आणि १९३४ मध्ये तिथे ग्रामसेवा मंडळ उभे राहिले. दिवसभर सूत कातणाऱ्या माणसाचे त्या मजुरीत पोट भरते का, हे त्यांनी तिथे स्वतः कातून आणि त्या कमाईवर राहून पाहिले. भरत नव्हते. १९३५ मध्ये गांधीजींच्या आग्रहावरून खादीचे काम चालवणाऱ्या चरखा संघाने कातणाऱ्याला जगण्यापुरती मजुरी देण्याचे धोरण स्वीकारले, त्यामागे अशा प्रयोगांचे बळ होते. या साऱ्या हिशेबाचे माप होते गुंडी. चार फुटांची एक तार आणि अशा ६४० तारांची एक गुंडी. गुंडी हातात आली की सुताचा अंक, म्हणजे बारीकपणा, पाहायचा, ताण देऊन मजबुती पाहायची, जाडी सगळीकडे सारखी आहे का ते तपासायचे आणि त्याप्रमाणे दाम मोजायचे. कातणारा बोलका आहे की घुमा, नजरेला नजर देतो की खाली मान घालून बसतो, चार माणसांत मिसळतो की कोपरा धरतो, याचा त्या दामाशी संबंध नव्हता. काम कामावरून जोखावे आणि त्याचे मोल जगण्याला पुरेल इतके असावे, ही दोन सूत्रे नालवाडीच्या मातीत तेव्हापासून आहेत. स्वमग्न, अध्ययन अक्षम, एडीएचडी (अवधान-अभाव आणि अतिचंचलता) असलेल्या, थोडक्यात मेंदूची घडण बहुसंख्यांपेक्षा वेगळी असलेल्या माणसांना नोकरीत जागा कशी मिळेल, या प्रश्नाचा आढावा घेताना ही दोन सूत्रे हाताशी ठेवली तर बराच गुंता सुटतो, असे माझे म्हणणे आहे.

अशी माणसे किती, याचे धड उत्तर आपल्या सरकारी आकड्यांत सापडत नाही. २०११ च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले. त्यांत स्वमग्नतेचा वेगळा रकानाच नव्हता. देशातल्या पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे दर आठ मुलांमागे एकाला मेंदूच्या विकासाशी निगडित काही ना काही अडचण आढळली. या आठातल्या एकात फिट्स येणारी, ऐकण्या-पाहण्यात अडचण असलेली मुलेही धरलेली आहेत, तेव्हा तो आकडा जसाच्या तसा आपल्या विषयाला लावता येणार नाही. तरी प्रश्न मूठभरांचा नाही एवढे त्यातून नक्की कळते. ही मुले मोठी झाल्यावर कुठे जातात? ब्रिटनमध्ये याचा हिशेब ठेवला जातो. तिथे २०२४ च्या सरकारी आढाव्यानुसार स्वमग्न प्रौढांपैकी जेमतेम तीस टक्के लोक नोकरीत आहेत आणि दिव्यांगांच्या इतर बहुतेक गटांपेक्षा हे प्रमाण कमी आहे. यांतले अनेक जण शिकलेले असतात. शाळा-कॉलेज पार पडते आणि मग दार बंद होते. म्हणजे अडचण शिकण्या-न शिकण्याच्या पलीकडे, नोकरीच्या दाराशीच कुठेतरी आहे.

त्या दारावर मुलाखत बसलेली असते. तिच्यात काय घडते ते जवळून पाहावे. समोर तीन अनोळखी माणसे, वर करकरणारा पंखा, आणि पहिला प्रश्न, ‘स्वतःबद्दल काही सांगा.’ बहुतेक उमेदवारांना ठाऊक असते की इथे जन्मापासूनची हकीकत नको आहे, या नोकरीला शोभेल असे स्वतःचे तीन मिनिटांचे वर्णन हवे आहे. प्रश्नात यातले काहीच नसते. ते आपले आपण ओळखायचे असते. शब्दांचा सरळ अर्थ घेणारा स्वमग्न उमेदवार इथेच अडतो. कुठून सुरू करू, किती सांगू, असे विचारतो किंवा गप्प राहतो. एडीएचडी असलेली मुलगी एकातून दुसऱ्यात जात पाच मिनिटे बोलते. समोरचे एकमेकांकडे पाहतात आणि निकाल तिथेच लागतो. २०१७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी स्वमग्न आणि इतर माणसांच्या बोलण्याचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे लोकांना दाखवले, ऐकवले. पाहणाऱ्यांचे आणि ऐकणाऱ्यांचे मत स्वमग्न व्यक्तींबद्दल लगेच प्रतिकूल झाले. तेच शब्द नुसते कागदावर वाचायला दिले तेव्हा हा फरक दिसेनासा झाला. माणूस काय म्हणतो यात खोट नव्हती. आवाजाचा चढउतार, चेहरा, हातवारे यांवर निवाडा होत होता. आता ज्या कामात आवाजाचा चढउतार हेच काम आहे, तिथे हा निवाडा समजू शकतो. पण गोदामातला माल मोजणे, बिले तपासणे, प्रयोगशाळेत नमुने नोंदवणे, या कामांचा त्याच्याशी संबंध काय?

मुलाखत ही निदान इतरांसाठी तरी चांगली चाळणी आहे, असे म्हणण्यालाही फारसा आधार उरलेला नाही. नोकरभरतीच्या पद्धती आणि पुढे प्रत्यक्ष केलेले काम यांचा मेळ किती बसतो, यावर गेल्या शतकभरात शेकडो अभ्यास झाले. त्यांची २०२२ मध्ये नव्याने छाननी झाली, तेव्हा सैलसर गप्पांसारख्या मुलाखतीचा कामाशी असलेला मेळ ०.१९ निघाला. सर्वांना तेच, कामाशी संबंधित, आधी ठरवलेले प्रश्न विचारणाऱ्या बांधीव मुलाखतीचा तोच आकडा ०.४२ होता, तर कामाचा नमुना करून घेण्याच्या पद्धतीचा ०.३३. पूर्ण मेळ म्हणजे १ आणि अजिबात नाही म्हणजे शून्य, हे लक्षात घेतले तर सैल मुलाखतीवर भिस्त ठेवणारा मालक जवळजवळ अंधारात निवड करतो आहे. ब्रिटनमधल्या २०२१ च्या एका अभ्यासाने तर मुलाखतीच्या प्रश्नांची घडणच बदलून पाहिली. मोघम प्रश्न मोडून नेमके केले, एका प्रश्नात एकच गोष्ट विचारली, उत्तराला आधार देणारे उपप्रश्न ठेवले. स्वमग्न उमेदवारांची उत्तरे सुधारली आणि स्वमग्न नसलेल्यांचीही सुधारली. या आढाव्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते. खास कोणासाठी म्हणून केलेला बदल निवडीची एकूण रीतच अधिक नेमकी करतो.

नालवाडी-वर्ध्यासारख्या भागात मात्र एक वेगळी गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. इथली कितीतरी भरती औपचारिक मुलाखतीतून होतच नाही. किराणा दुकान, मेडिकल स्टोअर, जिनिंग, प्रेस, दवाखाना इथे माणूस लागतो तो ओळखीतून. ‘आपल्या अमक्याचा मुलगा आहे, कामाला चांगला आहे,’ एवढ्यावर काम होते. वेगळ्या घडणीच्या माणसाला हे कधी कधी फार मानवते, कारण त्याला लहानपणापासून पाहिलेल्या लोकांना त्याच्याकडून बोलण्याची परीक्षा घ्यावी लागत नाही. याचे एक दूरचे उदाहरण पाहू. स्वमग्नतेचे वर्णन करणारा लिओ कॅनर यांचा प्रसिद्ध शोधनिबंध १९४३ चा. त्यातला पहिला मुलगा, डोनाल्ड ट्रिपलेट, पुढे अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या छोट्या गावी बँकेत कामाला लागला. सहा दशकांहून अधिक काळ त्याने तिथे नोकरी केली आणि २०२३ मध्ये एकोणनव्वदाव्या वर्षी त्याचे निधन झाले. गावाने त्याला जसा होता तसा सामावून घेतला, हे खरे. पण त्या बँकेत त्याच्या कुटुंबाची मालकी होती, हेही तितकेच खरे. ओळखीच्या जोरावर मिळालेली जागा ज्याची ओळख आहे त्यालाच मिळते. तिथे कामाचे वर्णन कागदावर नसते, तासांचा हिशेब नसतो. जुना मालक गेला, मुलाने दुकान हाती घेतले, की पंधरा वर्षे इमानाने माल लावणारा माणूस एका दिवसात ‘त्याला काही कळत नाही’ या सदरात जातो. आपुलकी हवीच, पण तिच्यामागे लिहिलेले काम, लिहिलेला पगार आणि कायद्याचा आधार नसेल तर ती कृपा होते.

कायदा आहे. दिव्यांगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यात स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता यांचा समावेशच नव्हता. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, दिव्यांगत्वाचे प्रकार २१ झाले आणि त्यांत या दोन्ही आल्या. सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के आरक्षणातला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांना मिळून आहे. कामाच्या ठिकाणी वाजवी सोय नाकारणे हा कायद्याने भेदभाव ठरतो. खासगी आस्थापनांनाही समान संधीचे धोरण जाहीर करणे बंधनकारक आहे, आणि वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्यात निवडीची पद्धत, सोयी, संपर्क अधिकारी हे सगळे नमूद करायचे असते. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला लेखनिक मिळालाच पाहिजे, चाळीस टक्के दिव्यांगत्वाची अट पुढे करून सोय नाकारता येणार नाही आणि सोय ही त्या त्या माणसाच्या गरजेप्रमाणे ठरवायची असते, असा त्या निकालाचा आशय आहे. उणिवा आहेतच. एडीएचडीला त्या २१ प्रकारांत स्वतंत्र जागा नाही. आरक्षणासाठी चाळीस टक्क्यांचे प्रमाणपत्र लागते, आणि मेंदूच्या घडणीची टक्केवारी काढणे हाताच्या किंवा डोळ्याच्या दिव्यांगत्वाइतके सरळ नाही. तरी समान संधीचे धोरण या कलमाचा उपयोग आज किती ठिकाणी होतो? दर्शनी भागात अग्निशमनाचा फलक असतो, महिला तक्रार समितीचा असतो. हा कागद मात्र क्वचितच दिसतो.

इथे महाराष्ट्राच्याच एका अनुभवाची आठवण करून द्यावीशी वाटते. अध्ययन अक्षम मुलांना दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी अशा सवलती देणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र अगदी पहिल्या फळीत होता. १९९० च्या दशकात ही सुरुवात झाली. त्या सवलती घेऊन शिकलेली पहिली पिढी आज चाळिशीच्या आसपास आहे. बारावीपर्यंत ज्या मुलाला राज्याने सांगितले की तुझे ज्ञान आणि तुझे अक्षर या वेगळ्या गोष्टी आहेत, त्यालाच नोकरीच्या अर्जातल्या चार स्पेलिंगच्या चुकांवरून बाद केले जाते. शाळेत मान्य झालेले तत्त्व कचेरीच्या उंबरठ्यावर का थांबावे, याचे समाधानकारक कारण मला दिसत नाही.

नेहमीच्या नोकरीचे दार बदलणे हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग आपल्याकडे जास्त रुळलेला आहे, स्वतंत्र कार्यशाळांचा. त्याच्याबद्दल बोलताना मन कृतज्ञ होते, आणि तरी प्रश्न पडतात. नालवाडीजवळच्या दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये महारोगी सेवा मंडळाचे काम सुरू केले. ज्यांना गाव शिवू देत नव्हते, त्या कुष्ठरुग्णांनी तिथे शेती केली, सूत कातले. पुढे वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांच्या आनंदवनाने हेच फार मोठ्या प्रमाणावर सिद्ध केले. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी पुण्याची कामायनी, मुंबईची ओम क्रिएशन्स यांनी काम शिकवून काम देण्याची वाट पाडली. जुहूच्या कॅफे अर्पणमध्ये तर स्वमग्न आणि इतर विकासात्मक अडचणी असलेली माणसे गिऱ्हाइकांच्या समोर राहून काम करतात. या जागांनी एक गोष्ट निर्विवाद दाखवली. काम करण्याची शक्ती होती. नव्हती ती संधी. पण दत्तपूरचाच धडा पुढे असाही आहे की आतली माणसे सोन्यासारखे धान्य पिकवू लागली तरी बाहेरच्या बाजारपेठेने त्यांना कामावर घेतले नाही. रोग बरा झाला तरी माणूस आतच राहिला. स्वतंत्र कार्यशाळा क्षमतेचा पुरावा देते, पण तो पुरावा ज्याने पाहायला हवा त्या मालकाला तिथवर जावेच लागत नाही. म्हणून या जागा टिकाव्यात, वाढाव्यात, आणि त्याच वेळी नेहमीच्या नोकऱ्यांची दारे बदलण्याचे काम त्यांच्यावर सोपवून आपण मोकळे होऊ नये.

मोठ्या कंपन्यांनी तिसरी वाट काढली. डेन्मार्कमध्ये २००४ मध्ये थॉर्किल सोने यांनी स्पेशालिस्टर्न ही कंपनी काढली. सॉफ्टवेअर तपासण्यासारख्या बारीक कामांसाठी स्वमग्न माणसे नेमायची, ही तिची कल्पना. २०१३ मध्ये एसएपी या जर्मन कंपनीने स्वमग्न माणसे नेमण्याची मोठी योजना जाहीर केली आणि तिची सुरुवात बंगळूरूच्या कार्यालयातही झाली. या प्रयोगांनी विषयाला प्रतिष्ठा दिली, पण त्यासोबत एक गैरसमजही पसरला. स्वमग्न म्हणजे गणिताचा, संगणकाचा जादूगार, असे चित्र तयार झाले. बहुतेक स्वमग्न माणसे तशी नसतात, जशी बहुतेक इतर माणसेही नसतात. असामान्य बुद्धीच्या बदल्यात वेगळेपणा सहन करायचा, हा सौदा सामान्य बुद्धीच्या वेगळ्या माणसाला पुन्हा बाहेरच ठेवतो.

वर्धा जिल्ह्याला जवळचे वाटावे असे उदाहरण सिनसिनाटी शहरातल्या मुलांच्या रुग्णालयाचे आहे. तिथे १९९६ मध्ये ‘प्रोजेक्ट सर्च’ सुरू झाला. आपत्कालीन विभागात सामान भरून ठेवण्याच्या कामावर माणसे टिकत नव्हती. त्या कामासाठी विकासात्मक अक्षमता असलेल्या तरुणांना रुग्णालयातच शिकवावे, अशी साधी सुरुवात होती. शाळेच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थी रोज रुग्णालयात येतो, वर्षभरात वेगवेगळ्या विभागांत काम करतो आणि सोबत त्याला काम उलगडून दाखवणारा प्रशिक्षक असतो. स्वमग्न तरुणांसाठी याच पद्धतीत थोडी भर घालून व्हर्जिनियात चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून चाचणी झाली; २०१४ च्या अहवालानुसार योजनेतल्या २४ पैकी २१ जण नोकरीला लागले, योजनेबाहेरच्या १६ पैकी एकच. संख्या लहान आहे, त्यावर इमला बांधू नये. पण असा फरक योगायोगाने पडत नाही. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचे रुग्णालय अशी दोन मोठी शिकवणारी रुग्णालये वर्धा शहराच्या दोन बाजूंना आहेत. अशा रुग्णालयाच्या भांडारात काय काम असते? सलाईनच्या बाटल्या, हातमोजे, सुया आलेल्या खोक्यांतून काढायच्या, मुदतीची तारीख वाचायची, आधी संपणारे पुढे आणि नंतर संपणारे मागे लावायचे, कमी पडलेल्याची नोंद करायची. रोज तेच, ठरलेल्या क्रमाने, चूक चालणार नाही असे. अनेकांना दोन महिन्यांत कंटाळा येतो आणि तारखा नजरेतून सुटू लागतात. क्रम आणि बारकावा ज्याला सुखाचा वाटतो, अशा माणसाला हे काम सवलत म्हणून द्यायचे नाही. ते त्यालाच अधिक चांगले जमेल म्हणून द्यायचे. त्याला लागणार काय, तर कामाच्या पायऱ्या चित्रांसह भिंतीवर, सूचना तोंडी न देता लिहून, जेवणाची वेळ बदलणार असेल तर आदल्या दिवशी कल्पना, आणि अडचण आली तर विचारायला एक ठरलेला माणूस.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा येतो. वर लिहिलेल्या यादीत खर्च कुठे आहे? अमेरिकेतल्या मालकांना तिथली जॉब अ‍ॅकॉमोडेशन नेटवर्क ही सल्लासेवा वर्षानुवर्षे हे विचारत आली आहे आणि जवळपास निम्म्या मालकांनी सोयीला एक पैसाही लागला नाही असेच सांगितले आहे. खरा खर्च मुकादमाच्या किंवा साहेबाच्या सवयीचा असतो. ‘ते जरा बघून घे’ असे सांगून निघून जाण्याची सवय मोडून ‘चारच्या आत या दहा फायली तारखेप्रमाणे लाव’ असे सांगावे लागते, आणि त्याला कष्ट पडतात हे मान्य केले पाहिजे. दुसरा आक्षेप सहकाऱ्यांचा. याला शांत कोपरा, मग आम्हाला का नाही? या तक्रारीत तथ्य आहे. त्यावरचा उपाय म्हणजे कोपरा काढून घेणे नव्हे. लेखी सूचना, आधी कळवलेले वेळापत्रक, कमी गोंगाट या गोष्टी ज्याला हव्यात त्याला मिळाल्या, तर प्रमाणपत्र दाखवून स्वतःला उघडे पाडण्याची गरजच बरीच कमी होते. ते दाखवायला घाबरणारे पुष्कळ आहेत, आणि लग्नाच्या बाजारात एका मुलाचे निदान भावंडांनाही चिकटते अशा समाजात त्यांची भीती अनाठायी म्हणता येणार नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्याला गोड उत्तर नाही. काही स्वमग्न माणसे बोलत नाहीत, काहींना दिवसभर कोणाची तरी सोबत लागते, काहींना गर्दीचा आवाज शरीराला टोचावा तसा सहन होत नाही. मुलाखत सुधारून त्यांना नोकरी मिळेल असे सांगणे ही पालकांची फसवणूक आहे. त्यांच्यासाठी कार्यशाळा लागतील, निवासाची सोय लागेल, आणि पालकांच्या मागे कोण, या प्रश्नाला सरकारी तिजोरीतून उत्तर द्यावे लागेल. कामाचे तास कमी असू शकतात, काम संथ असू शकते. पण तिथेही दामाचा प्रश्न सुटत नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या कलम २६ ने अपंग कामगारांना किमान वेतनाच्या तरतुदीतून वगळण्याची मुभा सरकारला ठेवली होती. म्हणजे कातणाऱ्याचे पोट भरले पाहिजे असे चरखा संघाने ठरवल्यावर अवघ्या तेरा वर्षांत, स्वतंत्र देशाने एका वर्गाच्या बाबतीत तो आग्रह ऐच्छिक करून टाकला. ‘मानधन’, ‘खाऊचे पैसे’, ‘तेवढाच त्याचा वेळ जातो’ ही भाषा तिथूनच सोयीची होत गेली. वेळ घालवण्यासाठी छंद असतात. रोज आठ तास येऊन, खोकी उघडून, तारखा लावून जाणाऱ्याला पगार द्यायचा असतो, बँकेत त्याच्या नावाने, भविष्यनिर्वाह निधीच्या कपातीसकट.

जिल्ह्याच्या पातळीवर सुरुवात करायला नवा कायदा लागत नाही. २०१६ च्या कायद्यानुसार विशेष रोजगार केंद्रांकडे आस्थापनांनी रिक्त जागांची माहिती देणे अपेक्षित आहे. ती मागवताना ‘संवादकौशल्य उत्तम हवे’ ही ठोकळेबाज ओळ प्रत्येक जागेसमोर का, हे विचारता येते, आणि जिथे काम बोलण्याचे नाही तिथली ती काढायला लावता येते. दोन्ही रुग्णालये, हिंदी विश्वविद्यालय, जिल्हा परिषद आणि औद्योगिक वसाहतीतले वीसहून अधिक कामगारांचे कारखाने, एवढ्यांचीच समान संधी धोरणे गोळा करून दिव्यांग आयुक्तांकडे नोंदली आहेत का हे तपासता येते. नालवाडीजवळच्या गोपुरीतल्या खादीपासून भांडारातल्या खोक्यांपर्यंत कुठल्या कामाला मुलाखतीऐवजी दोन दिवसांचे पगारी प्रात्यक्षिक पुरेल, याची यादी एका बैठकीत होऊ शकते. त्या दोन दिवसांचे पैसे उमेदवाराला मिळाले पाहिजेत, निवड होवो वा न होवो.